वॉटर-स्कीचे सामान : मापावर आणि शब्दावर चालणारा धंदा

व्यापाऱ्याने आणि कारागिराने आपल्या धंद्याबरोबर दुसऱ्याच्या धंद्याचाही अभ्यास करावा, असे आमचे मत आहे. आपल्या दुकानातले दोष रोजच्या सवयीने आपल्याला दिसेनासे होतात. तेच दोष परक्या दुकानात चटकन नजरेत भरतात. म्हणून या वेळी आम्ही असा एक धंदा अभ्यासाला घेतला आहे, जो आमच्या वाचकांपैकी फारच थोडे करतील. तो धंदा म्हणजे वॉटर-स्कीच्या सामानाचा.

वेगाने धावणाऱ्या बोटीला दोर बांधायचा, दोराच्या टोकाची मूठ हातात धरायची, पायांत लांब पट्ट्या अडकवायच्या आणि पाण्यावरून घसरत जायचे, असा हा खेळ आहे. त्या पट्ट्यांना स्की म्हणतात. खेळ अमेरिकेत जन्मला आणि त्याचा मोठा बाजारही तिथेच आहे. पण तो बाजार क्रिकेटच्या बॅटींसारखा अफाट नाही. स्पर्धेत उतरणारी माणसे मोजकी, एकमेकांना ओळखणारी. माल महाग, आणि मालात खोट निघाली तर नुसते पैसे जात नाहीत, घोटा मोडतो. अशा ठिकाणी दुकानदार टिकतो तो कशावर? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच आजचा धडा आहे.

सुरुवात सुतारकामातून

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात लेक सिटी नावाचे गाव आहे. तिथे मिसिसिपी नदी रुंद होऊन तिचे लेक पेपिन हे सरोवर झाले आहे. १९२२ सालच्या उन्हाळ्यात राल्फ सॅम्युएल्सन नावाच्या १८ वर्षांच्या मुलाने तिथे एक खटपट सुरू केली. बर्फावर लोक स्कीने घसरतात, मग पाण्यावर का घसरू नये, हा त्याचा सवाल होता.

प्रथम त्याने पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या. जमले नाही. मग बर्फावरच्या स्की बांधल्या. त्याही बुडाल्या. शेवटी त्याने लाकडाच्या वखारीतून सुमारे ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद अशा दोन फळ्या आणल्या. त्यांची पुढची टोके उकळत्या पाण्यात मऊ केली आणि आवळून वर वाकवली. पाय अडकवण्यासाठी मध्ये चामड्याचे पट्टे ठोकले. दोर म्हणून खिडकीची झडप वर-खाली करण्याची दोरी घेतली. मूठ म्हणून लोहाराकडून लोखंडी कडी करून घेतली. बोट त्याचा भाऊ चालवत होता. २ जुलै १९२२ रोजी राल्फ पाण्यावर उभा राहिला.

आमच्या कारागीर वाचकांनी या यादीवर पुन्हा एकदा नजर टाकावी. वखारीची फळी, चामड्याचा पट्टा, दोरी, लोहाराची कडी. सुतार, मोची, दोरवाला आणि लोहार या चौघांच्या हातांनी एक नवा जिन्नस जगात आला. त्यात कारखाना कुठेच नव्हता.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. राल्फने आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही. १९२५ साली न्यूयॉर्क राज्यातील फ्रेड वॉलर यांनी आपल्या स्कीचे पेटंट मिळवले आणि ‘डॉल्फिन ॲक्वा-स्कीज’ या नावाने तो माल विकला. हेच वॉलर पुढे सिनेरामा या रुंद पडद्याच्या सिनेमाचे जनक म्हणून गाजले. राल्फ मात्र टर्की पक्षी पाळण्याच्या व्यवसायात पडला आणि त्याचे नाव विस्मरणात गेले. अमेरिकन वॉटर स्की असोसिएशनने त्याला या खेळाचा जनक म्हणून अधिकृत मान्यता दिली ती १९६६ साली, म्हणजे तब्बल ४४ वर्षांनी. १९७७ मध्ये तो वारला. वॉलर यांनी काही गैर केले असे आमचे म्हणणे नाही. त्यांनी कागद केला, राल्फने केला नाही, एवढाच फरक. आपल्या हातून नवी चीज घडली तर तिची नोंद वेळेवर करून ठेवावी. हातातले कसब आणि हातातला कागद, दोन्ही लागतात.

स्पर्धेचा हिशेब समजून घ्या

सामान का असे बनते हे कळायचे तर स्पर्धा समजली पाहिजे. वरील असोसिएशन १९३९ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिने न्यूयॉर्कजवळच्या जोन्स बीच येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. जागतिक संघटना १९४६ साली जिनिव्हात उभी राहिली. पहिली जागतिक स्पर्धा १९४९ मध्ये फ्रान्समधील ज्युआन-ले-पॅं येथे झाली.

स्पर्धेचे तीन प्रकार आहेत. पहिला स्लॅलम, म्हणजे बोयांना वळसे घालत जाणे. दुसरा ट्रिक, म्हणजे २० सेकंदांच्या दोन फेऱ्यांत जमतील तितक्या कसरती करणे. तिसरा जंप, म्हणजे पाण्यात ठेवलेल्या उतरत्या फळीवरून लांब उडी मारणे. तिन्हींसाठी स्की वेगळी लागते. ट्रिकची स्की आखूड, रुंद आणि खाली पाते नसलेली. जंपच्या स्की दोन आणि लांबलचक. स्लॅलमची एकच, अरुंद आणि कडा तासलेली. ‘वॉटर-स्की द्या’ असे गिऱ्हाईक म्हणाले की ‘कशासाठी?’ हा दुकानदाराचा पहिला प्रश्न असायला हवा.

आम्ही येथे स्लॅलमचाच विचार करणार आहोत, कारण मापाचा खरा खेळ त्यात आहे. स्लॅलमचा मार्ग २५९ मीटर लांबीचा असतो. बोट मधून सरळ जाते. दोन्ही बाजूंना आळीपाळीने मिळून ६ बोये असतात आणि प्रत्येक बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर असतो. खेळाडूने सहाही बोयांना बाहेरून वळसा घालायचा. पुरुषांच्या खुल्या गटात बोटीचा जास्तीत जास्त वेग ताशी ५८ किलोमीटर, स्त्रियांच्या गटात ५५. ताशी ५८ च्या वेगाने हा सगळा मार्ग साधारण १६ सेकंदांत संपतो.

सहा बोये साधले की वेग वाढवतात. कमाल वेग आला की दोर आखूड करू लागतात. दोराची मापे ठरलेली आहेत : १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५ आणि ९.७५. प्रत्येक मापाच्या जागी दोराला वेगळ्या रंगाचा फासा असतो, त्यामुळे काठावरच्या माणसालाही कोणते माप चालू आहे ते कळते.

आता गणित करून पाहा. बोया ११.५ मीटरवर आणि दोर ११.२५ मीटरचा. म्हणजे दोर बोयापर्यंत पोचतच नाही! उरलेले अंतर खेळाडूने आपले अंग पाण्यावर जवळजवळ आडवे करून आणि एक हात लांबवून भरून काढायचे. दोर ९.७५ वर आला की ही तूट पावणेदोन मीटरची होते. २०१३ साली अमेरिकेच्या नेट स्मिथने ९.७५ मीटरच्या दोरावर अडीच बोयांचा विक्रम नोंदवला. अर्धा बोयासुद्धा तिथे मोजला जातो. जिथे अर्ध्या बोयावर विजेता ठरतो, तिथे गिऱ्हाईक मालाकडे किती बारीक नजरेने पाहत असेल, ते वाचकांनीच ताडावे.

सामान एकेक करून

१) स्की. आज चांगली स्लॅलम स्की हलक्या फोमच्या गाभ्यावर कार्बन धाग्याचे थर चढवून करतात. स्वस्त मालात काचतंतूचे थर असतात. लांबी निवडताना खेळाडूच्या उंचीपेक्षा त्याचे वजन आणि बोटीचा वेग पाहतात. वजन जास्त किंवा वेग कमी असेल तर स्की मोठी लागते. मोठ्या माणसांना बहुधा ६५ ते ६८ इंचांतली स्की बसते.

इथे नवशिके गिऱ्हाईक हमखास एक चूक करते. विजेत्याच्या पायांत जी स्की पाहिली तीच मागते. ती स्की ताशी ५८ च्या वेगासाठी घडवलेली असते. कमी वेगात ती पाण्यात रुतते, वळता वळत नाही आणि गिऱ्हाईक माल वाईट म्हणून परत येते. माल वाईट नसतो, माणसाला बेतलेला नसतो. शिंप्याने दुसऱ्याच्या मापाचा उत्तम कोट अंगावर चढवला म्हणून तो शोभत नाही, तसेच हे आहे.

२) पाते. स्कीच्या शेपटाखाली ॲल्युमिनियमचे एक छोटे पाते उभे बसवलेले असते. त्याला फिन म्हणतात. पाहायला क्षुल्लक, पण स्की वळणार कशी आणि शेपूट घसरणार किती हे बरेचसे त्यावर ठरते. पात्याची लांबी, खोली आणि शेपटापासूनचे अंतर अशी तीन मापे घेतात. पात्याला आडवा छोटा पंखही लावतात, तो वळणाआधी वेग कमी करायला मदत करतो.

आपल्याकडे सुतार सुतात मोजतो आणि लेथवाला थाऊत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा. स्कीचे पाते थाऊत मोजतात. पाच-दहा थाऊ पाते सरकले तर जाणत्या खेळाडूला पायाखाली फरक कळतो. माणसाच्या डोक्याचा केस साधारण दोन ते चार थाऊ जाडीचा असतो, यावरून कल्पना करावी.

यातली खरी गोम अशी की पात्याची लांबी कॅलिपरने दोन तऱ्हांनी मोजता येते. कोणी कॅलिपरच्या टोकांनी मोजतो, कोणी जबड्याच्या सपाट भागाने. पाते तेच, आकडे दोन. एकाने आपला आकडा दुसऱ्याला कळवला, पण मोजण्याची रीत कळवली नाही, तर दुसरा माणूस चांगली स्की बिघडवून बसतो. म्हणून या मंडळींत आकडा सांगताना रीतही सांगण्याची शिस्त आहे. आमच्या व्यापारी बांधवांनी हे मनावर घ्यावे. मोजण्याची रीत न सांगता दिलेले माप अर्धेच असते. ‘इतके किलो’ म्हणताना बारदानासह की बारदानाशिवाय, ‘इतके फूट’ म्हणताना कापड धुण्याआधी की धुतल्यावर, हे बोलून मोकळे व्हावे. निम्मे तंटे इथेच मिटतात.

पात्याबाबत अनुभवी लोकांचा सल्ला तीन वाक्यांत येतो. कंपनीने दिलेल्या मापापासून सुरुवात करा. बदलण्यापूर्वी आधीचे आकडे वहीत लिहा. एका वेळी एकच माप बदला. दोन मापे एकदम बदलली तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे कधीच कळत नाही.

३) बूट. स्कीवर पाय धरून ठेवणारे रबरी किंवा कठीण कवचाचे बूट स्क्रूने बसवतात. ते इतके घट्ट हवेत की खेळताना पाय हलू नये, आणि असे हवेत की पडताना पाय सुटावा. सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे एक पाय सुटला आणि दुसरा अडकून राहिला. घोट्याच्या दुखापती अशाच होतात. पडल्यावर दोन्ही पाय सुटावेत किंवा दोन्ही आत राहावेत, अशीच जोडणी असावी. फाटलेले रबर चिकटवून विकणे म्हणजे गिऱ्हाइकाचा पाय विकणे होय.

४) दोर आणि मूठ. दोर पॉलिप्रॉपिलीनचा असतो, कारण तो पाण्यावर तरंगतो. बुडणारा दोर बोटीच्या पंख्यात अडकू शकतो. मुठीची दांडी पोकळ धातूची असून तिच्यावर रबर चढवलेले असते. दोर सगळ्यात आधी झिजतो तो मुठीच्या टोकांपाशी, जिथे तो दांडीत शिरतो. उन्हानेही तो कमजोर होतो. वरून रंग तसाच दिसतो आणि आतून धागा कुजतो. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, हे दोराला पुरेपूर लागू आहे.

नियम साधे आहेत. प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्यापूर्वी मुठीची दोन्ही टोके बोटांनी चाचपावीत. धागे सुटलेले दिसले की मूठ बदलावी. तुटलेला दोर गाठ मारून चालवू नये. गाठीने दोराची ताकद बरीच घटते, शिवाय माप खोटे होते. हाताला दोर गुंडाळू नये, मुठीतून कोपर घालू नये. ताणलेला दोर तुटला तर उलटा फटकारतो, बोटीतल्या माणसालाही लागू शकतो. सगळ्या सामानात दोर आणि मूठ सर्वात स्वस्त. आणि कंजुषी लोक नेमकी तिथेच करतात!

५) जाकीट. माणसाला पाण्यावर तरंगत ठेवणारे जाकीट अंगाला घट्ट बसणारे हवे. सैल जाकीट पडताना वर सरकते आणि तोंडाला लागते. अमेरिकेत तटरक्षक दलाने मान्य केलेली जाकिटे वेगळी असतात. स्पर्धेसाठी बनवलेली पातळ जाकिटे सगळीच त्या मान्यतेची नसतात. दुकानदाराने हा फरक विकण्यापूर्वी सांगायचा असतो, बिल फाडल्यावर नाही.

जुना माल घेताना

नवी उत्तम स्की हजार डॉलरांच्या बरीच वर जाते. स्पर्धेची बोट तर लाख डॉलरांच्याही वर. त्यामुळे जुन्या सामानाची खरेदी-विक्री या वर्तुळात सतत चालते. कंपन्या वरचेवर नवा नमुना काढतात, हौशी लोक तो घेतात आणि जुना विकायला काढतात. आधीच्या वर्षीची स्की बऱ्याच कमी किमतीला मिळते आणि बहुतेक खेळाडूंना ती पुरते. फक्त पारख हवी.

पारख अशी करतात. स्कीचा तळ अंगठ्याने दाबत जावे. कुठे मऊ लागले तर आतले थर सुटले आहेत. बोटाच्या पेराने ठोकत जावे. माठ घेताना आपण ठोकून पाहतो तसेच. एका जागी आवाज बद्द आला तर शंका घ्यावी. बुटांच्या स्क्रूंभोवती आणि पात्याच्या खाचेपाशी केसासारखी चीर आहे का ते उन्हात धरून पाहावे. चिरेतून पाणी गाभ्यात गेले की स्की जड होते आणि तिचा स्वभाव बदलतो. स्क्रूचे आटे गेलेले नसावेत. कडा खरचटलेल्या असल्या तर त्या दुरुस्त होतात, थर सुटलेले असले तर सौदा सोडावा. शेवटी विकणाऱ्याला पात्याची तीन मापे विचारावीत. ज्याला ती ठाऊक आहेत त्याने स्की जपली असण्याचा संभव जास्त.

वापर झाल्यावर स्की गोड्या पाण्याने धुवावी, कोरडी करून मग पिशवीत घालावी. ओली स्की बंद पिशवीत किंवा उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. खाऱ्या पाण्यात वापरली असेल तर स्क्रू आणि पाते जास्त काळजीने धुवावे.

गिऱ्हाइकांचे जग

आता या धंद्याचा गाभा. स्पर्धा पुष्कळदा खास खोदलेल्या लांबट, अरुंद तळ्यांवर भरतात, म्हणजे बोटीच्या लाटा फिरून मार्गात येत नाहीत. तिथे कुटुंबेच्या कुटुंबे येतात. वयाप्रमाणे गट असतात. दहा वर्षांच्या आतली पोरेही उतरतात आणि ऐंशीच्या पुढचे आजोबाही. सकाळी जो खेळतो तोच दुपारी पंच होऊन बोटीत बसतो, त्याची बायको गुण लिहिते, मुलगा दोर सांभाळतो. हे काम मुख्यतः स्वयंसेवेवर चालते. पंच, गुणलेखक आणि बोट चालवणारा यांना परीक्षा देऊन दर्जा मिळवावा लागतो.

बोट चालवणाऱ्याची जबाबदारी मोठी. बोट मधल्या रेषेतून सरळ गेली पाहिजे, कोणाच्या बाजूला झुकता कामा नये. पूर्वी वेग हाताने सांभाळत. आता उपग्रहाच्या आधारे वेग धरणारे यंत्र असते. तरीही बोटीत पंच असतो आणि चित्रणही होते. ज्याचा प्रतिस्पर्धी दोराला लोंबकळतो आहे, तोच कधी कधी सुकाणू धरून बसलेला असतो! एकमेकांवर भरवसा नसेल तर हा खेळ एक दिवसही चालणार नाही, आणि भरवसा असूनही मोजमाप सोडत नाहीत. भरवसा आणि तपासणी यांचे वैर नाही, हे यावरून शिकावे. वहीखाते दाखवा म्हटल्याने भागीदारीत रागावण्याचे कारण नसते.

अशा घट्ट वर्तुळात बातमी पाण्यावरच्या तेलासारखी पसरते. एखाद्याने सुटलेल्या थराची स्की रंग मारून विकली, तर पुढच्या स्पर्धेत ती गोष्ट प्रत्येक तंबूत पोचते. उलट, ‘ही स्की तुमच्या वजनाला लहान पडेल, घेऊ नका’ असे सांगून ज्याने गिऱ्हाईक परत पाठवले, त्याच्याकडे ते गिऱ्हाईक चार मित्र घेऊन येते. म्हणूनच या धंद्यात खेळाडूच पुष्कळदा कारागीर आणि व्यापारी झालेले दिसतात. इंग्लंडचे अँडी मॅपल अनेकदा जागतिक विजेते झाले आणि त्यांच्या नावाच्या स्की बाजारात आल्या. २०१५ मध्ये ते वारले. गिऱ्हाइकाला ठाऊक होते की या माणसाने माल आधी स्वतःच्या पायांत घालून पाहिला आहे. याहून मोठी जाहिरात नाही.

दुकानदाराचे गणित

समजा, एका दुकानदाराने स्कीचे तीन नमुने ठेवायचे ठरवले. प्रत्येकाची चार मापे, म्हणजे १२ नग. एका नगाला १,२०० डॉलर खरेदी धरली तर १४,४०० डॉलर नुसत्या फळीवर अडकले. हंगाम उन्हाळ्याचा, उत्तरेकडची सरोवरे हिवाळ्यात गोठतात. पुढच्या वर्षी नवा नमुना आला की उरलेल्या नगांचे मोल उतरते. बारांपैकी तीन नग पडून राहिले तर नफा तिथेच संपला.

शहाणा दुकानदार काय करतो? तो प्रत्येक नमुन्याचा एकेक नग वापरून पाहण्यासाठी ठेवतो. गिऱ्हाईक तो पाण्यात नेते, दोन-चार फेऱ्या मारते, मग आपले माप सांगते आणि माल मागवला जातो. मालात पैसा कमी अडकतो आणि चुकीचा माल परत येत नाही. वापरलेले नग हंगामाअखेर ‘वापरलेला माल’ असे स्पष्ट सांगून कमी किमतीला काढतो. रोजचा गल्ला मात्र दोर, मुठी, हातमोजे, स्क्रू आणि दुरुस्ती यांवर चालतो. मोठा माल नाव देतो, छोटा माल भाकरी देतो. शिलाई यंत्र विकणाऱ्याला सुया आणि तेल, सायकलवाल्याला ट्यूब आणि पंक्चर, तसेच हे.

आपल्या किनाऱ्यासाठी दोन शब्द

आपल्या कोकणात स्लॅलमच्या स्पर्धा नाहीत. पण मालवण, तारकर्लीसारख्या किनाऱ्यांवर पर्यटकांना बोटीमागे रबरी केळ्यावर बसवून ओढण्याचा व्यवसाय आहे. दोराला लोंबकळणारा माणूस तिथेही आहेच. त्या व्यवसायातील वाचकांनी वरील लेखातून तीन गोष्टी तरी उचलाव्यात. दोर आणि त्याची टोके रोज सकाळी चाचपावीत. जाकीट गिऱ्हाइकाच्या मापाचे द्यावे, हाताला येईल ते नव्हे. आणि बोट चालवणाऱ्याखेरीज मागे नजर ठेवणारा दुसरा माणूस बोटीत असावा. अमेरिकेतील अनेक राज्यांत असा माणूस कायद्यानेच लागतो. एका माणसाची मजुरी वाचवण्यासाठी एखाद्याच्या पोराचा जीव पणाला लावू नये.

धड्याचे सार

१) माल चांगला की वाईट हे एकट्या मालावर ठरत नाही, तो कोणासाठी आहे यावर ठरते. आधी विचारा, मग दाखवा.

२) माप सांगताना मोजण्याची रीतही सांगा.

३) बदल एका वेळी एकच करा आणि वहीत लिहा.

४) जिथे जीव टांगलेला असतो ती वस्तू स्वस्त असली तरी तिच्यात काटकसर नको.

५) नवी चीज घडवली तर तिचा कागद करून ठेवा.

६) विक्री एकदाच होते, नाव वर्षानुवर्षे चालते. ‘हे तुमच्या कामाचे नाही’ असे म्हणता येणे ही दुकानदाराची कमाईच आहे.

लेक सिटीच्या त्या मुलाने दोराला गच्च धरले, कारण दुसऱ्या टोकाला बोट त्याचा भाऊ चालवत होता. आज दोर बनवणारा, विकणारा आणि धरणारा ही तीन अनोळखी माणसे असतात. मधले भावाचे नाते उरलेले नाही. ती जागा भरायची ती व्यापाऱ्याच्या शब्दाने आणि कारागिराच्या मापाने. आपला धंदा कापडाचा असो, फर्निचरचा असो की वेल्डिंगचा, आपल्या मालाला कोणीतरी लोंबकळलेले आहे असे समजूनच तो हातावेगळा करावा.